विश्लेषण : ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे!’ हे ओरडून सांगणाराच चोर असेल तर?

रविवारची दुपार. घरातल्या कॉम्प्युटरवर कुणी जुनं नाट्यगीत शोधतंय, कुणी मुलाच्या प्रोजेक्टसाठी चित्रं. एका लिंकवर क्लिक होतं आणि अख्खा पडदा लाल होतो. भोंगा वाजायला लागतो. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले आहेत. बँकेची माहिती चोरीला जात आहे. कॉम्प्युटर बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ खिडकी बंद होत नाही, माउस दिसेनासा होतो. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, घरात फक्त आई-वडील. अशा वेळी हात आपोआप फोनकडे जातो. आणि इथेच खरा धोका सुरू होतो. कारण बहुतेक वेळा तोपर्यंत कॉम्प्युटरला काहीही झालेलं नसतं.

नेमका प्रकार काय आहे?

याला ‘स्केअरवेअर’ म्हणतात. म्हणजे घाबरवून विकलं जाणारं सॉफ्टवेअर. याची तीन रूपं आहेत. पहिलं म्हणजे नुसतं वेबपेज. ते व्हायरस सापडल्याचं नाटक करतं आणि फोन करायला लावतं. दुसरं म्हणजे कॉम्प्युटरमध्ये इन्स्टॉल झालेला खोटा अँटिव्हायरस किंवा ‘पीसी क्लीनर’. तो रोज नवे दोष ‘शोधतो’ आणि ते दुरुस्त करायला पैसे मागतो. तिसरं म्हणजे नामांकित अँटिव्हायरस कंपनीच्या नावाने येणारा ईमेल. ‘तुमचं सबस्क्रिप्शन रिन्यू झालं असून पैसे खात्यातून वळते झाले आहेत. रद्द करायचं असल्यास फोन करा,’ असा त्याचा मजकूर असतो.

रूपं तीन असली तरी युक्ती एकच आहे. खरा व्हायरस लपून बसतो, कारण सापडला तर त्याचं काम संपतं. स्केअरवेअरला मात्र दिसायचंच असतं, कारण तुम्ही घाबरला नाहीत तर त्याचा धंदा संपतो.

आता याची चर्चा का?

एक कारण म्हणजे विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी या प्रणालीचा नियमित सपोर्ट थांबवला. आपल्याकडे घराघरांत आजही हे कॉम्प्युटर सुरू आहेत. त्यामुळे ‘तुमची सुरक्षा संपली आहे’ हे वाक्य आता ऐकणाऱ्याला खरं वाटू शकतं, आणि ठकांना अर्धसत्याइतकी सोयीची दुसरी गोष्ट नसते.

दुसरं कारण आपल्याच देशातलं आहे. या फसवणुकीची अनेक कॉल सेंटर भारतात चालतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभरात ७६ ठिकाणी छापे टाकले. त्यातले काही गुन्हे मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून दाखल झाले होते. मे २०२५ मध्ये सीबीआयने जपानचे पोलीस आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या मदतीने दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात १९ ठिकाणी झडती घेऊन सहा जणांना अटक केली. लाल पडदा जपानमधल्या घरात उमटत होता आणि फोन उचलणारी टोळी भारतात बसली होती. फसलेल्यांमध्ये बहुतांश पन्नाशी ओलांडलेले जपानी नागरिक होते.

हा धंदा किती जुना आणि किती मोठा आहे?

साधारण वीस वर्षं जुना. युक्रेनच्या कीव्ह शहरातून कारभार चालवणारी ‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’ ही कंपनी यातलं सर्वांत गाजलेलं नाव. ‘विनफिक्सर’, ‘विनअँटिव्हायरस’, ‘ड्राइव्हक्लीनर’, ‘एक्सपी अँटिव्हायरस’ अशी भारदस्त नावं देऊन ही मंडळी निकामी सॉफ्टवेअर विकत होती. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने त्यांच्याविरुद्ध खटला भरला. दहा लाखांहून अधिक ग्राहक फसल्याचं एफटीसीने म्हटलं होतं. २०१२ मध्ये न्यायालयाने १६.३ कोटी डॉलर भरण्याचा आदेश दिला.

या कंपनीची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपण प्रतिष्ठित संस्थांसाठी जाहिरात देत आहोत असं भासवून ती चांगल्या वेबसाइटवर जागा विकत घ्यायची आणि त्या जाहिरातींमधून वाचकाला खोट्या ‘स्कॅन’च्या पानावर न्यायची. सप्टेंबर २००९ मध्ये तर खुद्द ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वेबसाइटवर अशाच जाहिरातीतून खोट्या अँटिव्हायरसचा इशारा वाचकांना दिसू लागला होता. त्यामुळे ‘मी भलत्यासलत्या साइटवर जात नाही, मला काय होणार’ हा दिलासा अपुरा आहे.

मार्च २०२४ मध्ये ‘रेस्टोरो’ आणि ‘रीइमेज’ या सायप्रसमधल्या दोन कंपन्यांनी २.६ कोटी डॉलर देऊन एफटीसीशी तडजोड केली. विंडोजचे वाटावेत असे इशारे दाखवायचे, ‘फुकट स्कॅन’ करायला लावायचं आणि २७ ते ५८ डॉलरचं सॉफ्टवेअर गळ्यात मारायचं, असा त्यांच्यावर आरोप होता. विकत घेतल्यावर पुन्हा ‘ॲक्टिव्हेशन’साठी फोन करायला सांगून आणखी महागडी सेवा विकली जायची. तपास अधिकाऱ्यांनी चांगल्या स्थितीतले कॉम्प्युटर तपासून पाहिले, तरी त्यात शेकडो दोष ‘सापडले’. पुढे २०२५ मध्ये एफटीसीने सात लाखांहून अधिक ग्राहकांना पैसे परत पाठवायला सुरुवात केली.

मोठ्या नावावर तरी विश्वास ठेवावा का?

अमेरिकेतल्या ‘ऑफिस डेपो’ या बड्या दुकानसाखळीचं प्रकरण इथे डोळे उघडणारं आहे. तिथे ग्राहकाच्या कॉम्प्युटरची फुकट ‘हेल्थ चेक’ व्हायची. सुरुवातीला चार साधे प्रश्न असत. कॉम्प्युटर मंद झालाय का, पॉप-अप येतात का, अशा स्वरूपाचे. एफटीसीच्या म्हणण्यानुसार, यातल्या एका चौकोनात जरी खूण केली तरी मालवेअरची लक्षणं असल्याचा निष्कर्ष ठरलेला होता. स्कॅन हा देखावा. २०१९ मध्ये ऑफिस डेपोने २.५ कोटी आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या ‘सपोर्ट डॉट कॉम’ने १ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

यातून दिसणारी गोष्ट महत्त्वाची आहे. ज्याचं पोट दोष सापडण्यावर आहे, त्याच्या फुकट तपासणीत दोष सापडणारच. शिवाय पैसे भरल्यावर लाल इशारे हिरवे होतात, त्यामुळे आपण फसलो हे अनेकांना शेवटपर्यंत कळत नाही. उलट ‘वाचलो बुवा’ असं वाटतं. या फसवणुकीच्या तक्रारी कमी येण्याचं हेही एक कारण आहे.

वेबसाइटला आपला कॉम्प्युटर तपासता येतो का?

नाही. ब्राउझर वेबपेजला बंदिस्त खोलीत ठेवतो. त्या खोलीतून तुमच्या सी ड्राइव्हमधल्या फाइल वाचता येत नाहीत. पडद्यावर धावणारी हिरवी पट्टी आणि भराभर सरकणारी फाइलींची नावं हे निव्वळ ॲनिमेशन असतं. म्हणूनच मॅक वापरणाऱ्यालाही कधी कधी ‘तुमच्या सी ड्राइव्हमध्ये व्हायरस’ असा इशारा दिसतो, जो ड्राइव्ह मॅकमध्ये नसतोच.

मग त्या पानाला आपलं शहर आणि इंटरनेट कंपनीचं नाव कसं कळतं? ते आयपी ॲड्रेसवरून कळतं आणि तुम्ही उघडलेल्या प्रत्येक वेबसाइटला हा ॲड्रेस दिसतोच. कुणी आत शिरल्याची ती खूण नाही. खिडकी बंद होत नाही, कारण पान फुल स्क्रीन केलेलं असतं. बटणंही खरी नसतात, चित्रातली असतात.

फोनवरचा माणूस ‘पुरावा’ कसा दाखवतो?

फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलतो आणि एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं ॲप घ्यायला लावतो. ही ॲप्स स्वतः बनावट नाहीत. कार्यालयांत ती रोज वापरली जातात. पण त्यातून तुमचा कॉम्प्युटर त्याच्या हातात जातो. मग तो विंडोजमधल्याच नेहमीच्या गोष्टी दाखवून घाबरवतो.

इव्हेंट व्ह्यूअर उघडून तो लाल-पिवळ्या खुणांची यादी दाखवतो. अशी यादी प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरमध्ये असते, अगदी कालच आणलेल्या लॅपटॉपमध्येही. एखादा प्रोग्राम उशिरा सुरू झाला, तरी तिथे नोंद होते.

काळ्या खिडकीत तो ‘नेटस्टॅट’ टाइप करतो आणि ‘फॉरिन ॲड्रेस’ या रकान्याकडे बोट दाखवतो. ‘बघा, परदेशातले हॅकर जोडलेत.’ इथे ‘फॉरिन’ म्हणजे परदेशी नव्हे. तुमचा कॉम्प्युटर सोडून दुसरा कोणताही कॉम्प्युटर, एवढाच त्याचा अर्थ. ब्राउझर उघडा असला की ही यादी दिसणारच.

तिसरी युक्ती ‘लायसन्स नंबर’ची. तो एक लांबलचक कोड वाचून दाखवतो आणि म्हणतो, ‘हा फक्त तुमच्या कॉम्प्युटरचा ओळख क्रमांक आहे. आमच्याकडे आहे, म्हणजे आम्ही मायक्रोसॉफ्टचेच.’ ‘८८८डीसीए६०’ने सुरू होणारा हा कोड झिप फाइल पाठवण्याच्या सोयीशी जोडलेला आहे आणि विंडोजमध्ये तो सगळीकडे सारखाच असतो.

खरा इशारा आणि खोटा इशारा कसा ओळखायचा?

सर्वांत पक्की खूण म्हणजे फोन नंबर. आपल्या एरर किंवा इशाऱ्याच्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलं आहे. इशाऱ्यात नंबर दिसला की तो खोटा, एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं.

बाकीच्या खुणा अशा. इशारा ब्राउझरच्या आत दिसतो. भोंगा किंवा बोलणारा आवाज असतो. मिनिटं मोजणारं घड्याळ असतं. ‘कॉम्प्युटर बंद करू नका’, ‘घरच्यांना सांगू नका’ अशी बंधनं असतात. फुकट स्कॅन दोन मिनिटांत शेकडो दोष काढतं आणि दुरुस्तीसाठी लगेच कार्ड नंबर मागतं. गिफ्ट कार्डने पैसे मागितले, तर शंकेला जागाच उरत नाही.

इथे एक गोंधळ मात्र खरा आहे. नव्या लॅपटॉपसोबत काही नामांकित अँटिव्हायरसची ठरावीक दिवसांची चाचणी आवृत्ती येते आणि ती संपताना खरे संदेश येतात. अशा वेळी संदेशातलं बटण दाबू नका. स्टार्ट मेनूतून ते ॲप स्वतः उघडा आणि आत काय लिहिलंय ते पाहा. तसं ॲपच कॉम्प्युटरमध्ये नसेल, तर संदेश कुणाचा हे वेगळं सांगायला नको. आणि चाचणी संपली म्हणजे कॉम्प्युटर उघडा पडला, असंही नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो आणि त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

फक्त लाल पडदा आला असेल तर काय करायचं?

आवाज बंद करा. एस्केप बटण काही सेकंद दाबून धरा. फुल स्क्रीन निघून जाईल, मग टॅब बंद करा. जमलं नाही तर आल्ट आणि एफ४ दाबा. तरीही अडलं, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. काहीच सुचलं नाही तर पॉवर बटण दाबून कॉम्प्युटर बंद करा. जास्तीत जास्त सेव्ह न केलेलं काम जाईल. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर ‘आधीची पानं परत उघडू का’ असं विचारलं, तर नाही म्हणा.

त्यानंतरही कोपऱ्यात इशारे येत राहिले, तर बहुधा कधीतरी एखाद्या साइटला ‘अलाऊ’ म्हटलेलं असतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज आणि मग नोटिफिकेशन्स या क्रमाने जा. अनोळखी साइट काढून टाका. अनेक घरांतला ‘व्हायरस’ एवढ्यावरच जातो.

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये आता ‘स्केअरवेअर ब्लॉकर’ ही सोय आहे. अशी फुल स्क्रीन पानं ओळखून ती थांबवते. सेटिंग्जमध्ये ती सुरू आहे का, हे एकदा पाहून ठेवा.

खोटा अँटिव्हायरस इन्स्टॉलच झाला असेल तर?

घाई करू नका, पण क्रम पाळा.

१. इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा किंवा केबल काढा.

२. सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’मध्ये जाऊन ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ ही यादी उघडा. विंडोज १० मध्ये तिचं नाव ‘ॲप्स अँड फीचर्स’ आहे. यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपासचं अनोळखी ॲप शोधा आणि अनइन्स्टॉल करा. काढताना ‘थांबा, तुम्ही धोक्यात आहात’ किंवा ‘७० टक्के सूट घ्या’ अशा खिडक्या येऊ शकतात. त्या वाचत बसू नका. पुष्कळदा ‘काढू नका’चं बटण मोठं आणि रंगीत असतं, ‘काढा’चं फिकट आणि छोटं.

३. ॲप निघत नसेल, तर सेफ मोड वापरा. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने जाऊन रीस्टार्ट करा आणि ४ दाबा. या स्थितीत विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टी सुरू करतं, त्यामुळे खोटं सॉफ्टवेअर सहसा जागं होत नाही. काही लॅपटॉप इथे बिटलॉकरची रिकव्हरी की मागतात. ती अनेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. ती आधीच पाहून मगच हे पाऊल उचला.

४. पुन्हा नेहमीच्या पद्धतीने सुरू करून ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा. संरक्षण सुरू आहे का ते पाहा. दुसरा अँटिव्हायरस असला की डिफेंडर बाजूला होतो, आणि तो निघाल्यावर परत सुरू व्हायला हवा. इंटरनेट जोडून डिफेंडर अपडेट करा. मग स्कॅन ऑप्शन्समधून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. त्याआधी उघडी कामं सेव्ह करा.

५. दुसरं मत घ्या. मायक्रोसॉफ्टचा ‘सेफ्टी स्कॅनर’ फुकट आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २०१७ पासून सुरू आहे. तिथेही मालवेअर काढण्याची मोफत साधनं मिळतात. पुण्याची क्विक हील त्यात सहभागी असलेल्या कंपन्यांपैकी एक आहे. मात्र कोणतंही साधन घेताना सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. ‘व्हायरस कसा काढायचा’ असं शोधणारा घाबरलेला माणूस हाच पुढच्या ठकाचा ग्राहक असतो.

६. शेवटी ब्राउझर साफ करा. अनोळखी एक्स्टेन्शन काढा, होमपेज आणि सर्च इंजिन बदललंय का ते पाहा, गरज वाटल्यास ब्राउझर रीसेट करा. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीत नको ती नावं उरली असतील, तर बंद करा.

पैसे दिले किंवा कॉम्प्युटर त्यांच्या हाती दिला असेल तर?

तर आधी पैशांचं पाहा, कॉम्प्युटरचं नंतर. कॉम्प्युटरचं इंटरनेट तोडा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड आणि नेटबँकिंग थांबवा. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले, तरच परत मिळण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार ग्राहकाने स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्याच माथी येतं. कळवल्यानंतरचं नुकसान मात्र बँकेचं. म्हणून लाजेपायी घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो.

ईमेल, बँक आणि सोशल मीडियाचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदला. एनीडेस्कसारखं ॲप काढा. कुणी कॉम्प्युटर दुरून हाताळला असेल, तर त्याने मागे काय ठेवलंय हे खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढून विंडोज नव्याने टाकणं हाच पक्का उपाय. प्रत काढताना प्रोग्राम किंवा सेटअप फाइल सोबत घेऊ नका.

फोन नंबर, पैसे भरल्याची पावती आणि पडद्याचे फोटो जपून ठेवा. दुसऱ्याचं रूप घेऊन कॉम्प्युटरद्वारे फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एक सावधगिरी आणखी. काही आठवड्यांनी ‘तुमचे पैसे परत करायचे आहेत’ असा फोन येऊ शकतो. एकदा फसलेल्यांची यादी ठकांच्या दृष्टीने मौल्यवान असते. रिफंडसाठी कॉम्प्युटर जोडायला सांगणारा माणूस तोच असतो किंवा त्याचाच भाऊबंद.

मग खरा बचाव कोणता?

सॉफ्टवेअर अपडेट ठेवा, डिफेंडर सुरू ठेवा. विंडोज १० वापरत असाल, तर विंडोज ११ वर जाता येतं का किंवा मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना घेता येते का, हे सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये जाऊन पाहा. कुणाच्या फोनवरून नव्हे. हे सगळं हवंच. पण या फसवणुकीत तोडलं जातं ते कॉम्प्युटरचं कुलूप नव्हे, माणसाचा धीर. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये खोटा पोलीस जे करतो, तेच इथे खोटा अँटिव्हायरस करतो. भीती, घाई आणि एकटेपणा या तिन्हींचा तो वापर करतो.

त्यामुळे घरात एक साधा नियम ठरवून ठेवलेला बरा. इशारा कितीही मोठा असो, त्यातला नंबर लावायचा नाही आणि त्यातलं बटण दाबायचं नाही. आधी घरातल्या कुणाला तरी फोन करायचा. आणि आई-बाबांचा असा फोन आला, तर ‘कशाला क्लिक केलंत?’ हा प्रश्न विचारायचा नाही. ओरडा बसेल या भीतीने जो फोन मुलाला जात नाही, तोच पडद्यावरच्या नंबरला जातो.